रूपाची अडत

दुसऱ्याच्या रूपावर पोट भरणारा माणूस सज्जन असू शकतो का? प्रश्न थोडा उघडावाघडा आहे. सणासुदीला, फराळाचे ताट पुढे असताना तो काढू नये, असेही कुणी म्हणेल. पण दिवाळी हा जसा रूपाचा सण आहे तसा हिशेबाचाही आहे. पहाटे उटणे लावून आपण अंग उजळतो आणि संध्याकाळी लक्ष्मीपुढे वही मांडतो. रूप आणि वही या दोन गोष्टी एकाच सणात नांदतात, तर त्यांचा एकमेकींशी काय संबंध असावा, याचा विचार याच दिवसांत का करू नये?

आपल्या भाषेत 'दलाल' हा शब्द फारसा कुणी प्रेमाने उच्चारत नाही. जमिनीचा दलाल म्हटले तरी आपण खिसा चाचपतो. मग रूपाचा दलाल म्हटल्यावर कानांवर हात ठेवले तर नवल नाही. मात्र कानांवर हात ठेवल्याने व्यवहार थांबत नाहीत, ते फक्त आपल्याला ऐकू येईनासे होतात.

मी वसईकडच्या एका शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पूर्वी पालक विचारत, "बाई, हिला डी.एड.ला घालू की नर्सिंगला?" आता अधूनमधून एखादी आई शाळा सुटल्यावर दाराशी रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, "बाई, अंधेरीला एक एजन्सी आहे. मुलीचं नाव मॉडेलिंगसाठी घालायचं म्हणतात. पण आधी फोटोंचे पैसे भरायला सांगतात. भरावेत का?" अंधेरी आमच्यापासून लोकलने तासाभराच्या वाटेवर आहे आणि नायगावच्या पूर्वेला तर मालिकांचे सेटच उभे राहिले आहेत. तेव्हा हा धंदा आता परका राहिलेला नाही. त्या आईला 'छे, छे, असले काही नको' असे म्हणून वाटेला लावणे सोपे आहे. पण तिने मला धंदा प्रतिष्ठित आहे की नाही, हे विचारलेलेच नसते. विश्वास कुणावर ठेवायचा, एवढेच ती विचारत असते. आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तोच आहे.

तो सोडवायचा तर आमच्या वसईतल्याच एका जुन्या व्यवहारापासून सुरुवात करणे बरे. आमच्या वाड्यांतून मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो. काही बाया स्वतः बसून विकतात. पुष्कळ जण मात्र ठरलेल्या अडत्याकडे टोपली उतरवतात. अडत्या माल विकतो, आपली अडत कापून घेतो आणि पट्टी हातात देतो. मोगऱ्याची गोष्ट अशी आहे, की सकाळी तो कळी असतो, दुपारी फूल असतो आणि संध्याकाळी केरात असतो. तांदूळवाला भाव पटला नाही तर गोणी परत घरी नेऊ शकतो. फूलवालीला ती सोय नाही. गिऱ्हाईक थांबू शकते, व्यापारी थांबू शकतो, थांबू शकत नाही ते फक्त फूल. म्हणून या बाजारात फूलवाली सदाची नरम असते. चांगला अडत्या कुणाला म्हणायचे, हे आमच्या वाडीतल्या अडाणी म्हातारीलाही ठाऊक असते. जो गिऱ्हाइकाकडून पैसे येण्याची वाट न पाहता पट्टीप्रमाणे रोख मोजतो आणि उधारीचा घोर स्वतःच्या उशाशी घेतो, तो चांगला. 'आले की देतो' म्हणतो, तो वाईट. फुले दोघेही तीच विकतात.

रूप हे मोगऱ्याच्याच जातीचे आहे. फार लांबचे उदाहरण नको. आपल्या लीला चिटणीस. शिकलेल्या, पदवीधर, लेकुरवाळ्या, काही काळ शिक्षिकेचे कामही केलेल्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला. त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. तोवर ही जागा परदेशी नट्यांची होती. पुढे १९४८ साली 'शहीद' चित्रपटात त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या आणि १९५१ साली 'आवारा'त राज कपूरच्या. साबणावरच्या सुंदरीची पडद्यावरची आई व्हायला सात वर्षे पुरली. त्या गुणी होत्या, म्हणून आईच्या भूमिकांतही त्यांनी नाव केले. २००३ साली अमेरिकेत कनेटिकटमध्ये त्यांचे निधन झाले. पण जिच्याजवळ केवळ रूपच आहे, तिचे त्या सात वर्षांनंतर काय? थोडक्या काळात विकावा लागणारा माल ज्याच्या हाती सोपवायचा, त्याच्या सचोटीला म्हणूनच दुप्पट किंमत असते.

आता ही अडत रीतसर कुणी सुरू केली ते पाहू. जॉन रॉबर्ट पॉवर्स नावाच्या एका माजी नटाने १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये मॉडेलांची पहिली एजन्सी काढली, असे मानतात. पण त्या धंद्याला शिस्त लावली ती एका बाईने. तिचे नाव आयलीन फोर्ड. जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्कचा. तिच्या घरचा उद्योग मोठा गमतीचा होता. व्यापारी कंपन्यांची पत ठरवायचा. कोण उधारी फेडील आणि कोण बुडवील, याची चर्चा ज्या घरात जेवणाच्या टेबलावर होत असेल, त्या घरात ही मुलगी वाढली. १९४३ साली बार्नर्ड कॉलेजातून पदवी घेतली, पुढल्या वर्षी जेरी फोर्ड या नौदलातल्या तरुणाशी पळून जाऊन लग्न केले. १९४६ साली, पहिल्या बाळंतपणाचे दिवस असताना, तिने दोन मॉडेल मुलींची कामे सांभाळायला घेतली. फोन घ्यायचा, वेळ ठरवायची, पैशाचा तगादा लावायचा. त्यासाठी दोघी तिला दरमहा ठरलेली रक्कम देत. मूल झाल्यावर नवराही मदतीला आला आणि नवरा-बायकोच्या या उद्योगातून फोर्ड एजन्सी उभी राहिली.

सुरुवात कशी झाली ते नीट ध्यानात घ्यावे. बाईने मुली नोकरीला ठेवल्या नव्हत्या. मुलींनी बाईला ठेवले होते.

त्या काळी मॉडेलचे हाल आमच्या फूलवालीसारखेच होते. आज फोटो काढला तर पैसे तीन महिन्यांनी, तेही चार खेटे घातल्यावर. फोर्ड दांपत्याने नवी रीत पाडली. त्या दोन मुलींपैकी एक, नॅटली निकरसन, हिचेही त्यात डोके होते. काम झाले की मुलीने गिऱ्हाइकाची सही असलेली चिठ्ठी एजन्सीत आणून द्यायची. एजन्सी आपली अडत कापून तिला लगेच पैसे मोजणार आणि गिऱ्हाइकाकडून वसुलीचे काय ते स्वतः पाहून घेणार. पैसे बुडाले तर एजन्सीचे बुडणार. पतीच्या धंद्यात वाढलेल्या मुलीने आपली सगळी पत त्या मुलींच्या पाठीशी उभी केली, असा याचा अर्थ मी करते. शिवाय कपडे अंगावर घालून पाहण्यासाठी गेलेला वेळ किंवा पावसाने रद्द झालेले काम, यांचाही मोबदला तिने ठरवून घेतला. आजवर फुकटात जाणाऱ्या तासांना तिने किंमत लावली.

या बाईचे सोवळेही कडक होते. अंतर्वस्त्रांच्या, आंघोळीच्या टबातल्या, घामाच्या वासावरच्या औषधाच्या जाहिराती ती आपल्या मुलींना घेऊ देत नसे. परगावाहून आलेल्या कोवळ्या मुलींना ती स्वतःच्या घरी ठेवून घेई. त्यांना घरातली कामे करावी लागत, रात्री वेळेवर परतावे लागे. वसतिगृहाच्या रेक्टरबाई म्हणा, की मावशी म्हणा, तसे ते होते. धंद्याला अब्रू आली ती या सोवळ्यामुळे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. सोवळ्याच्या कल्पना दर वीस वर्षांनी बदलतात. एका पिढीला जी जाहिरात ओंगळ वाटते ती पुढच्या पिढीला दिसतसुद्धा नाही. त्या चिठ्ठीची गोष्ट मात्र निराळी आहे. दुबळ्याने थांबू नये, सबळाने थांबावे, हे तत्त्व ना न्यूयॉर्कचे आहे ना १९४६ सालचे. ते दादरच्या फुलबाजारात आजही खरे आहे.

आपल्याकडे मात्र चर्चा होते ती नेहमी सोवळ्याची. १९९५ साली मधु सप्रे आणि मिलिंद सोमण या दोघा मराठी मॉडेलांची बुटांची एक जाहिरात आली. अंगावर कपडे नाहीत, पायांत बूट आणि भोवती अजगर. एवढा गहजब झाला की खटला उभा राहिला आणि तो चौदा वर्षे चालला. २००९ साली सगळे निर्दोष सुटले. जाहिरात करणारे आणि छापणारेही त्यात आरोपी होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते दोन चेहरे. ती जाहिरात चांगली की वाईट, हे मी इथे ठरवत नाही. मी एवढेच म्हणते की जाहिरातीत सर्वांत आधी दिसतो तो चेहरा, आणि बदनामीही सर्वांत आधी त्याच्याच वाट्याला येते. मग पैसे त्याला सर्वांत शेवटी का मिळावेत?

इथवर आयलीनबाईंचे कौतुक झाले. आता वहीचे दुसरे पान उलटले पाहिजे.

ज्याला माल पारखायचा आहे त्याला नापास करावेच लागते. तिच्या दारात दरवर्षी असंख्य मुली येत आणि बहुतेक परत जात. उंची पाच फूट सात इंच हवी, मान लांब हवी, डोळे एकमेकांपासून दूर हवेत. जे तिला खटके ते ती तोंडावर सांगे आणि त्या फटकळपणासाठी ती प्रसिद्धच होती. व्यवहार म्हणून यात खोट नाही. कीड लागलेली कळी अडत्याही बाजूला काढतो. पण कळीला कान नसतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला असतात. 'हे काम तुझ्या अंगाला जमणार नाही' आणि 'तू सुंदर नाहीस' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे, आणि रूपाच्या बाजारात ते अंतर सहज पुसले जाते. शिवाय पारख करणाऱ्याचा डोळा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. लॉरेन हटन नावाची मुलगी तिच्याकडे आली तेव्हा नाक आणि दात नीट करून घ्यायचा सल्ला तिला मिळाला होता. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. हटनने ती फट तशीच ठेवली. १९७३ साली रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीने तिच्याशी त्या काळात गाजलेला मोठा करार केला आणि तो करार ठरवला खुद्द जेरी फोर्डने! मी शिक्षिका आहे. मुलांना गुण देणे हा माझा रोजचा उद्योग आहे. तेव्हा हा प्रसंग वाचून मला हसू येते आणि थोडी धडकीही भरते. आम्ही गुण देतो ते एका उत्तरपत्रिकेला, पण मूल ते घरी नेते आणि आपल्या साऱ्या अस्तित्वावर लावून घेते.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. जॉन कासाब्लांकास नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये इलीट ही एजन्सी चालवली होती. १९७७ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये दुकान मांडले. फोर्डकडचे काही कर्मचारी आणि काही नामवंत मॉडेल त्याच्याकडे गेल्या. आयलीनबाईंनी कोर्टकचेऱ्या केल्या. एवढ्यावर न थांबता, सोडून गेलेल्या कार्यालयातल्या दोघींना तिने बायबलच्या प्रती पाठवल्या. त्यांत ज्यूडासच्या विश्वासघाताच्या ओळी ठळक केलेल्या होत्या. आमच्या वसईत घरोघर बायबल आहे. चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला विकणाऱ्या शिष्याचे नाव घेणे म्हणजे काय, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. ही शिवी शेवटची आहे, त्याच्यापुढे शब्द नाही.

मला या प्रसंगाचा फार विचार करावासा वाटतो. कारण ही बाई ढोंगी नव्हती. तिला खरोखरच वाटत होते, की आपण विकले गेलो. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर अडत घेतली, मुलींकडूनही घेतली आणि गिऱ्हाइकांकडूनही घेतली, तिला ते चेहरे दुसऱ्याच्या दुकानी गेल्यावर आपल्या घरची चोरी झाल्यासारखे वाटले. हे कसे झाले? मला वाटते, ते तिच्या वाईटपणातून झाले नाही, चांगुलपणातून झाले. तिने त्या मुलींना वेळेवर पैसे दिले, जेवू घातले, रात्री दार उघडून वाट पाहिली. सांभाळता सांभाळता ज्याला सांभाळले ते आपलेच झाले, असे मन मानू लागते. आईबापांचे हेच होते, गुरूचे हेच होते, पुढाऱ्याचे तर हमखास होते. निष्ठुर मालकाला निदान आपण मालक आहोत हे ठाऊक असते. मायाळू मालकाला ते ठाऊकच नसते, आणि म्हणून त्याच्या तावडीतून सुटणे अधिक कठीण जाते.

कायदा याबाबतीत माणसापेक्षा शहाणा आहे. आपल्याकडे १८७२ सालचा करारांचा कायदा आजही चालू आहे. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्या मुखत्याराविषयी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याच्या वतीने व्यवहार होतो तो मालक आणि जो करतो तो त्याचा मुखत्यार. मालक मागेल तेव्हा चोख हिशेब देणे आणि आपले देणे वजा करून मालकाच्या नावे आलेली रक्कम त्याच्या हाती सोपवणे, ही मुखत्याराची बांधिलकी आहे. म्हणजे दिवाणखान्यात काचेच्या टेबलामागे बसलेले साहेब मुखत्यार, आणि समोर ओढणीचे टोक चुरगाळत बसलेली विरारची मुलगी मालकीण! हे चित्र डोळ्यांपुढे आणले तरी निम्मी भीती जाते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीला करारच करता येत नाही, हेही त्याच कायद्याचे म्हणणे. न्यूयॉर्कला तर यासाठी वेगळा कायदा करावा लागला. २०२४ च्या डिसेंबरात त्यावर सही झाली आणि जून २०२५ पासून तो लागू झाला. एजन्सीने मॉडेलच्या हिताने वागलेच पाहिजे, नाव घालताना अनामत किंवा फी घेता कामा नये, अडत शेकडा वीसच्या वर जाता कामा नये, असे त्यात आहे. आयलीनबाईंची पहिली चिठ्ठी आणि हा कायदा यांच्यात जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. चांगल्या माणसाने आपखुशीने पाळलेली रीत वाईट माणसाकडून पाळून घ्यायला एवढा काळ लागतो.

आयलीन फोर्ड २०१४ साली, ब्याण्णव वर्षांची होऊन वारली. तिच्यानंतर एजन्सी तिची मुलगी केटी हिने चालवली होती. २००७ साली ती विकली गेली आणि पुढे केटीने माणसांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध काम करणारी एक संस्था काढली. फसवून नेलेल्या मुलींच्या कहाण्या तिने ऐकल्या तेव्हा तिला आपल्याच धंद्यातली सुरुवात आठवली. दूर देशीची कोवळी मुलगी, मोठ्या शहरात कामाचे वचन, राहण्याची सोय. इथवर दोन्ही वाटा एकच असतात. पुढे एक वाट घरी जाते आणि दुसरी नरकात. आईने सांभाळले म्हणून वाट घरी गेली, हे मुलीला कळले. पण सारे काही सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर टांगलेले होते, हेही तिला कळले असावे.

तेव्हा दाराशी रेंगाळणाऱ्या त्या आईला मी काय सांगते? मी तिला तीन गोष्टी पाहायला सांगते. पहिली, पैसे कोण कुणाला आधी देतो? अडत्या टोपली उतरवण्याचे पैसे मागू लागला तर तो फुले विकणारा नव्हे. त्याचे गिऱ्हाईक आपणच आहोत, असे समजून उठावे. दुसरी, वही दाखवतो का? आणि तिसरी, जी कुणी विचारत नाही आणि जिच्यावर सगळे अवलंबून असते: उद्या मुलीला सोडून जावेसे वाटले तर तिला जाता येईल का, शिव्याशाप न घेता? या तिन्हींची उत्तरे चांगली आली, तर मुलीला पाठवण्यात मला पाप दिसत नाही. रूप ही देवाने दिलेली गोष्ट आहे, तसा गळाही देवाने दिलेला आहे. गाण्याची बिदागी घेतलेली चालते, तर रूपाची घेतलेली का चालू नये? मात्र गाणे वयाबरोबर पिकते आणि रूप वयाबरोबर ओसरते. म्हणून मुलीची शाळा सुटता कामा नये, एवढे मी शिक्षिका म्हणून पदराला गाठ मारून देते.

दुसऱ्याच्या रूपावर पोट भरणारा माणूस सज्जन असू शकतो का, हा मूळ प्रश्न. असू शकतो, असे मला वाटते. आयलीन फोर्ड पुष्कळ अंशी तशी होती. पण त्याचे सज्जनपण तो काय विकतो यावर ठरत नाही, आणि तो किती माया लावतो यावरही ठरत नाही. ते ठरते वहीवर. पैसे यायचे असताना कोण थांबले, बुडाल्यावर कुणाच्या खात्यात बुडाले, आणि निघून जाणाऱ्याचे खाते कोणत्या शब्दांनी बंद केले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीला हळदकुंकू वाहताना ही तीन पाने प्रत्येकाने उघडून पाहावीत. अडत्याने पाहावीत, मास्तरांनी पाहावीत, आणि ज्यांच्या घरी वयात आलेली मुले आहेत अशा आईबापांनीही पाहावीत.